गृहिणीचा आनंद, किरकोळ भावात

जाहिरातीतली गृहिणी पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे पाहून हरखते. आमच्याकडच्या आनंदाचे दर जरा वेगळे आहेत. 14.2 किलोचा सिलिंडर पाहुणे जेवून उठल्यावर संपला, तर तो सणच. न सांगता दांडी मारलेल्या बाईंनी तिसऱ्या दिवशी बेल वाजवली, की होणारा आनंद नवऱ्याच्या बढतीनेही होत नाही. बढती झाली की पाहुणे येतात आणि भांडी वाढतात. बाई आल्या की भांडी निघतात. हिशेब सरळ आहे. भाजीवाल्याने न मागता पिशवीत कोथिंबीर टाकली, तर ती बातमी शेजारी पोचवावीच लागते. हल्ली मागूनही मिळत नाही. आणि बोहारणीशी तासभर घासाघीस करून मिळवलेलं स्टीलचं पातेलं! त्यात ह्यांची आवडती पँट गेली, हे ह्यांना दिवाळीपर्यंत कळत नाही, हा त्यावरचा नफा.

सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात. हे काम करणाऱ्या पुरुषाची (तोही सापडला, हे विशेष) जातात 88. आमच्याकडच्या 88 मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजणं आणि त्या मोजल्याचं दोनदा सांगणं धरलेलं असतं. परवा चार सांगितल्या होत्या, सात झाल्या. वरणाची पेज झाली, पण मोजणी बिनचूक होती.