टॅबराव

टॅबरावांनी लॅपटॉप सोडलाय. लोक चहा सोडतात ना, तसा. म्हणजे स्वतः सोडून थांबत नाहीत, समोरच्याच्या हातातला कप बघून सुस्कारा टाकतात. "अजून ते धूड वागवतोस?" हा त्यांचा लॅपटॉपवाल्याला नमस्कार.

असा एक टॅबराव हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतो. आमच्याकडचे खजिनदार आहेत. सकाळचा पेपर आयपॅडवर, नातवाशी व्हिडिओ कॉल आयपॅडवर, भजनी मंडळाचा तानपुरासुद्धा आयपॅडवर. ठरावाच्या पीडीएफवर ती पांढरी पेन्सिल टेकवून सही ठोकतात आणि कोणी बघितलं का, ते बघतात. खरं सांगायचं तर तिथे त्यांना तोड नाही. छापा, सही करा, स्कॅन करा ही सगळी वरात वाचते. वाचायचं, बघायचं, खुणा करायच्या, इथवर टॅबराव शंभर टक्के बरोबर.

एकदा डेक्कन क्वीनमध्ये त्यांच्या शेजारी बसायचा योग आला. कीबोर्डचं कव्हर उघडलं, चुंबकाने टक् केलं, गुडघे जुळवून त्यावर टॅब उभा राहिला. कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं लागली, गाडीला हिसका बसला, टॅब पाठीवर आडवा झाला आणि पेन्सिल सुटून पुढच्या बाईंच्या सीटखाली गेली. लोणावळ्यापर्यंत आम्ही दोघं वाकून शोधत होतो. "रेल्वेचे रूळच खराब," टॅबराव म्हणाले.

त्या मोठ्या आयपॅड प्रोला त्यांनी आधी मॅजिक कीबोर्ड घेतला. मग, २०२० साली ट्रॅकपॅड आणि माउसची नीट सोय झालीच होती, म्हणून माउस. टॅबला यूएसबीचं भोक एकच, म्हणून चार तोंडांचा हब. नुसता टॅब आणि कीबोर्ड मिळूनच वजन १.३५ किलोच्या आसपास भरतं. त्याच साली आलेली मॅकबुक एअर १.२९ किलोची. हे त्यांना सांगितलं तर म्हणतात, "पण कीबोर्ड काढता येतो ना!" काढलेला मी अजून पाहिलेला नाही.

आयपॅड आला २०१० साली. त्यात कंपनीचा स्वतःचा कॅल्क्युलेटर यायला २०२४ उजाडलं. तोवर आमचे खजिनदार टॅबवर तक्ता उघडून खिशातल्या मोबाइलवर बेरीज करायचे आणि आकडा बोटाने टॅबवर लिहायचे. त्यात त्यांना काहीही विचित्र वाटत नसे.

खरी कसोटी मार्चअखेर. मेंटेनन्सची बिलं काढायची एक्सेल फाइल जुन्या खजिनदारांनी बनवलेली. बटण दाबलं की सगळ्या फ्लॅटची बिलं तयार. ते बटण म्हणजे मॅक्रो, आणि आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही. वर ऑडिटर टॅलीचा बॅकअप पाठवणार, तो उघडायला विंडोज हवं. मग टॅबराव रात्री नऊला दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवायचे. "बाळा, तुझा लॅपटॉप पाच मिनिटं..." तिथली मुलगी बिचारी आपलं काम बाजूला ठेवून द्यायची. त्या पाच मिनिटांत तिच्या आईला दोनदा चहा टाकावा लागे. काम उरकलं की टॅबराव झाकण मिटून हळहळत, "केवढं गरम होतं गं हे! तूही टॅब घे." म्हणजे लॅपटॉप त्यांनी सोडलाच होता, फक्त तो शेजाऱ्यांकडे ठेवला होता.

मुलीला बेंगळुरूला नोकरी लागली. सगळ्या सोसायटीने पेढे खाल्ले, टॅबरावांचा काही घशाखाली उतरेना.

पुढच्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटसाठी तीन पोरं आली. तिघंही नोकरीवाली, तिघंही अविवाहित. बॅचलरना जागा द्यायची नाही हा आमच्या सोसायटीचा अलिखित नियम, आणि आजवर त्याचे कट्टर राखणदार टॅबरावच. पण यावेळी कमिटीत तेच उठून उभे राहिले. जमाना बदलला, तरुण पिढीवर विश्वास टाकायला हवा, वगैरे. अध्यक्ष चाटच पडले.

पोरांना बोलावलं. पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद, ॲग्रीमेंटची प्रत, सगळं टेबलावर आलं. टॅबरावांनी एकाही कागदाला हात लावला नाही. चष्मा वर सरकवून सगळ्यात थोरल्याला विचारलं, "लॅपटॉप विंडोजचा आहे ना रे?"