भाऊकाकांचं बडोदं

भाऊकाका जगात कुठेही गेले तरी बडोद्याबाहेर पडत नाहीत. व्हिएन्नाला लेकीकडे महिनाभर राहिले. तिथून रेल्वेने तासाभरावर ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हाकियाची राजधानी. काकूंना घेऊन एक दिवस तीही पाहून आले. दांडिया बाजारातल्या घरी झोपाळ्यावर बसून ते हा दिवस सांगतात, तेव्हा नेमकी कुठली राजधानी चालली आहे हे शेवटपर्यंत कळत नाही.

"टेकडीवर किल्ला आहे. पांढराशुभ्र. चार कोपऱ्यांना चार बुरूज. चांगलाय हां." झोपाळा थांबतो. "पण आमचा लक्ष्मीविलास राजवाडा..." मग १८९० साल येतं, आराखडा काढणारा मेजर मँट येतो, काम पुरं करणारा चिझम येतो, आणि किल्ला बिचारा टेकडीवरच राहतो.

जुन्या गावात मायकेलचा दरवाजा आहे. मध्ययुगीन तटाचा हा एवढा एकच दरवाजा उरलाय, असं गाइड मुलगी अभिमानाने सांगत होती. काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "मॅडम, आमच्याकडे चार आहेत." लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट, बोटांवर मोजून दाखवले. डॅन्यूबच्या पुलावर बराच वेळ वाकून उभे राहिले आणि निकाल दिला, "पाणी पुष्कळ, पण मगर एकही नाही." विश्वामित्रीकाठी वाढलेल्या माणसाला मगरीवाचून नदी म्हणजे मिठावाचून आमटी.

सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये १५६३ पासून १८३० पर्यंत हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक होत. हे ऐकल्याबरोबर काकांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये, बारा वर्षांचा असताना, बडोद्याच्या गादीवर बसून सयाजीराव कसा झाला ते सांगायला घेतलं. काकू तोवर बाहेरच्या बाकावर पोचल्या होत्या. पिशवीतून थेपले आणि लीलो चेवडो निघाला. "राजा कुठलाही असो," त्या मला नंतर म्हणाल्या, "ह्यांना साडेबाराला जेवायला लागतं."

बडोद्यात पाहुणा आला की त्यालाही असंच एका दिवसाचं दर्शन घडतं. सुरुवात सेव-उसळीने. "उसळ आपण घेऊन आलो, शेव गुजरात्यांनी घातली," काका घास घेण्याआधी इतिहास वाढतात. मराठीत चाललेलं व्याख्यान "केटला थशे, भाई?" एवढ्यापुरतं थांबतं आणि रिक्षात बसल्यावर त्याच वाक्यापासून पुढे सुरू होतं. म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्याशेजारी पाहुण्याचा फोटो काढायचा, मग ममीला भेटायचं. मध्यवर्ती ग्रंथालयात पायाखालची काचेची जमीन दाखवायची. "१९१० मध्ये बोर्डन नावाचा माणूस अमेरिकेतून आणला महाराजांनी! गावोगाव वाचनालयं काढायला!" हे असं सांगतात, जणू त्याला उतरवून घ्यायला हे स्वतः स्टेशनवर गेले होते. पाहुण्याने दमून "पुण्यात पण..." असं काही काढलंच, तर काका त्याच्याकडे तापाने फणफणलेल्या मुलाकडे बघावं तसे बघतात.

दिवसभरात एकाच ठिकाणी त्यांचा आवाज खाली येतो. कमाटी बागेतल्या वडापाशी. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला इथे आले, आणि जातीपायी त्यांना या शहरात राहायला जागा मिळू दिली नाही, तेव्हा ते या वडाखाली बसले होते. काका हे चार वाक्यांत सांगतात. त्यांत 'आमच्याकडे' हा शब्द नसतो. काकूही पिशवी उघडत नाहीत. मग काका म्हणतात, "चला," आणि फाटकापर्यंत काही बोलत नाहीत.

परवा मी काकूंना विचारलं, "तुम्ही ब्रातिस्लाव्हात काय पाहिलंत?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. त्या दिवसाचा एकच फोटो. रस्त्यावरच्या गटाराच्या तोंडातून डोकं बाहेर काढून, काठावर हात टेकून बसलेला ब्राँझचा कामगार. चुमिल त्याचं नाव. त्याच्या डोक्याला हात लावून काही मागितलं तर मिळतं म्हणतात. काकूंचा हात त्याच्या डोक्यावर होता.

"काय मागितलंत?"

"मागायचं काय? मला तर ओळखीचाच वाटला. डोकं तेवढं परमुलखात, बाकी सगळा आपल्या गावात."

झोपाळ्याची कडी करकरली. "पुतळाच बघायचा तर आमचा काळा घोडा बघ म्हणावं," काका तिकडून म्हणाले. "अख्खा आहे!"