वहिनींची 55 मिनिटं

अहो, ऐकलंत का? बी विंगमधल्या वहिनींनी परवाच्या भिशीत बटाटेवड्याची बशी चक्क मागे सारली. गरमागरम वडा, सोबत लसणाची चटणी... आणि वहिनी घड्याळाकडे बघून म्हणतात, "नको गं, माझी 55 मिनिटं दुपारीच संपली." जिच्याकडे भिशी होती तिचं तोंड एवढंसं झालं. सकाळपासून बटाटे सोलत बसली होती बिचारी.

म्हणजे दीक्षितच हो! लातूरच्या मेडिकल कॉलेजात होते ते डॉक्टर जगन्नाथ दीक्षित. दिवसातून दोनदाच जेवायचं, दर वेळी काय ते 55 मिनिटांत उरकायचं, मधे पाणी नाहीतर पातळ ताक, आणि 45 मिनिटांत 4.5 किलोमीटर चालायचं. मूळ विचार नागपूरच्या श्रीकांत जिचकारांचा, हे वहिनी इतक्यांदा सांगतात की... जाऊ दे.

तर लगेच सी विंगच्या ताईंनी पर्स उघडली. आत डबी, डबीत बदाम. "आमची ऋजुता दिवेकर सांगते, दर दोन तासांनी पोटात काहीतरी हवं." आमची म्हणे! करीना कपूरच्या साइझ झिरोपासून ताई तिच्या भक्त, ते 2009 सालचं इंग्रजी पुस्तकही आहे घरात. तूप खा, भात खा म्हणते म्हणून मलाही ती आवडते हो. पण ताईंच्या लक्षात तूप तेवढं राहतं. भूक असेल तेवढंच, हे नाही राहत.

मग काय, जुंपली. "सारखं खाल्लं की सारखं इन्सुलिन सुटतं." "आणि उपाशी राहिलं की पित्त उसळतं, त्याचं काय?" बाकीच्या सगळ्या मूग गिळून. वडे गार होत होते.

तर काय सांगत होते... हं, मुळात हे वजन आलं कुठून? म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगीत होतो तेव्हा लिफ्ट कुठे होती? भाजीच्या पिशव्या घेऊन दिवसाला चारदा जिने चढायचो. रीडेव्हलपमेंट झालं, टॉवर आला, आणि आता खालून कोथिंबीर आणायलाही बटण दाबतो. त्यातून चाळिशी उलटली. नाक्यावरच्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या, पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन कमी होतं, की मांड्यांवर बसणारी चरबी पोटाकडे सरकते. वयाबरोबर स्नायूही झडतात. म्हणून पोळीभाताचा ढीग कमी करा, डाळ, उसळ, अंडं वाढवा म्हणाल्या. आणि वजनकाट्यापेक्षा टेप घ्या हातात. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषाची 90 च्या. हे मी भिशीत सांगितलं मात्र... सगळ्यांनी एकदम पदर, ओढण्या सारख्या केल्या!

पण खरी गंमत पुढेच. ए विंगच्या आजी इतका वेळ गप्प होत्या. वड्याचा शेवटचा घास संपवून म्हणाल्या, "दोनदा खा नाहीतर दहादा. नातवंडांच्या ताटातलं उरलंसुरलं कोण खातं, ते आधी सांगा. कढईत घासभर भाजी राहिली की कोण संपवतं? चहाबरोबर खारी कोण बुडवतं?" अहो, तोंडात मारल्यासारखं झालं सगळ्यांना. ताईंनी बदामाची डबी बंद केली. वहिनी म्हणाल्या, "अन्न वाया कसं घालवायचं, आजी?" तर आजी म्हणतात, "मग कमी रांध." झालं. मला विचाराल तर दीक्षित-दिवेकरांपेक्षा आमच्या आजीच बऱ्या. आणि उपासाचं तर बोलूच नका, एकादशी दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर दाण्याचं कूट, वर तूप. त्याला डाएट म्हणणाऱ्या आहेत आपल्यात, नावं नाही घेत.

दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई मात्र हुशार हं. तिने ना दीक्षित केलं, ना दिवेकर. पंतप्रधानांनी 2025 मध्ये 'मन की बात'मध्ये तेल 10 टक्के कमी करा सांगितलं ना, तेव्हापासून तेलाच्या कॅनवर उघडल्याची तारीख मार्करने लिहिते. फोडणी पळीने नाही, चमच्याने मोजून. सासूबाई आधी म्हणायच्या, "आजाऱ्याची आमटी केलीय." आता त्यांचाच ब्लाऊज सैल होतो हो, टीप घालायला दिलाय कोपऱ्यावरच्या टेलरकडे.

आणि एक सांगते, घरी कुणाला साखर असेल तर सांगून ठेवा. वहिनींचं ऐकून तळमजल्यावरच्या काकांनीही दोनदा जेवण सुरू केलं. साखरेच्या गोळ्या तशाच चालू! बागेत घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी. नशीब वॉचमनच्या खिशात चॉकलेट होतं. गोळ्या, इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करायचंच नाही.

बाकी वहिनींचं वजन उतरलंय, खोटं कशाला बोलू. रोज उपवन तलावावर चालायला जातात. भाऊजीही जातात सोबत, पण तलावाशी पोचले की ते मागे रेंगाळतात. नुसतं कणीस खातो म्हणे, लिंबू लावून. आमच्या ह्यांनी पाहिलं ना परवा, हातात कांदाभज्यांची प्लेट! ह्यांना म्हणाले, "घरी बोलू नका, तुम्हीही घ्या." भजी कुरकुरीत होती, चटणी जरा तिखट होती, सगळं सांगितलं ह्यांनी मला.

चटणी तिखट होती हे ह्यांना कसं कळलं, ते विचारायचंय अजून.