टाइमलाइन कुणाच्या मालकीची?

विसर्जन आटोपलं की घाटकोपर-मुलुंडच्या मंडळांत एक शोध सुरू होतो: दहा दिवसांचं फुटेज जोडून देणारा मुलगा कोण? मुलगा सापडतो. त्याच्या लॅपटॉपवर बहुधा कुणीतरी पेन ड्राइव्हमधून दिलेलं, क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर असतं. हे बंद झालं पाहिजे. ती चोरी आहे, हे एक. दुसरं म्हणजे, ते क्रॅक कुणी केलं आणि सोबत काय घुसवलं, हे कुणालाच माहीत नसतं, आणि ज्या दिवशी ते बंद पडतं त्या दिवशी मंडळाचं सगळं काम आत अडकून राहतं.

पर्याय शोधताना संगणकापासूनच सुरुवात करू. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार संपवला. विंडोज 11 न चालणारे, पण धडधाकट असलेले कितीतरी संगणक उपनगरांतल्या घरांत पडून आहेत. त्यांवर लिनक्स टाका, ते नीट चालतात. मग प्रश्न येतो, व्हिडिओ कशावर एडिट करायचा? माझं उत्तर सरळ आहे: केडेनलाइव्ह.

या सॉफ्टवेअरवर 2002 पासून काम चालू आहे आणि आज ते केडीई या स्वयंसेवी समुदायाच्या छत्राखाली आहे. कितीही ट्रॅक लावा, वॉटरमार्क नाही, मुदत नाही, खातं उघडायची सक्ती नाही. जुन्या मशीनवर मोठं फुटेज अडखळतं तेव्हा प्रॉक्सी चालू करायची. सॉफ्टवेअर हलक्या प्रती बनवतं, त्यांवर तुम्ही कट मारता आणि शेवटचं रेंडर मूळ फाइलींवरून होतं. जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला याहून मोठी सोय दुसरी नाही. फोनवर शूट केलेल्या क्लिपचा फ्रेम रेट बऱ्याचदा कमी-जास्त होत राहतो आणि त्यामुळे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. अशी क्लिप आत घेताना केडेनलाइव्ह ती बदलून घ्यायला सुचवतं. ते ऐका.

शॉटकट हाही चांगला पर्याय आहे. दोन्हींचं इंजिन एकच, एमएलटी. ओपनशॉट शिकायला सर्वांत सोपं, म्हणून वाढदिवसाच्या व्हिडिओला पुरेल. तासाभराची एकांकिका त्यावर कापू नये असं माझं मत आहे. शीर्षकं नाचवायची, त्रिमितीय काही करायचं, तर ब्लेंडर आहे. 2025 चं ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरवरच बनला.

आणि दा विंची रिझॉल्व्ह? अंधेरीच्या वीरा देसाई रोडवर, ओशिवऱ्यात एडिटिंगची नोकरी हवी असेल तर ते शिका. प्रीमिअर शिका, ॲव्हिडही शिका. पोटाचा प्रश्न आहे, त्यात तत्त्वज्ञान नको. रंगकामात रिझॉल्व्ह फार ताकदवान आहे, हेही खरं. पण त्याची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.264 या प्रकारातलं चित्र उघडत नाही, आणि बरेच फोन नेमकं तेच देतात. म्हणजे प्रत्येक क्लिप आधी एफएफएमपेग हे साधन वापरून बदलून घ्या, डिस्कवर कितीतरी पट जागा द्या, वर दमदार ग्राफिक्स कार्ड आणा. शिवाय ते आज फुकट आहे ते कंपनीच्या मर्जीने. उद्या मर्जी फिरली तर तुमच्या हातात काहीच नाही.

केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल मात्र साधा एक्सएमएल मजकूर असते. ती कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते: कुठली क्लिप, कुठून कुठपर्यंत, कुठल्या ट्रॅकवर. मुलुंडच्या कालिदास किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार नाट्यगृहात हौशी संस्था प्रयोग करतात, एकच कॅमेरा लावून रेकॉर्डिंग करतात. त्यातल्या कित्येक प्रयोगांची तेवढीच एक नोंद उरते. पंधरा वर्षांनी ती पुन्हा उघडायची असेल तर ती कुणाच्या कुलपात नसलेली बरी.

देवनागरीचाही हिशेब इथेच करू. केडेनलाइव्हच्या शीर्षकांमागे क्यूट ही प्रणाली आहे आणि ती जोडाक्षरं, वेलांट्या नीट बसवते. टंक हवा तर मुंबईच्याच ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ घ्या. तो मुक्त परवान्याखाली आहे, व्यावसायिक कामातही फुकट वापरता येतो. पडद्यावर ‘श्रध्दांजली’ लिहिणं मात्र कुठलंही सॉफ्टवेअर थांबवणार नाही, ते आपल्यालाच थांबवावं लागेल.

शिकवणार कोण, असं विचारणाऱ्यांनी पवईकडे पाहावं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या पैशातून उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो. साधारण दहा मिनिटांचे धडे, आणि ते मराठीतही. पडद्यावरचं चित्र तेच ठेवायचं, आवाजाची पट्टी तेवढी आपल्या भाषेत करायची. शिकणारा धडा बघत थांबतो, शेजारच्या खिडकीत तेच करून पाहतो, मग पुढे जातो. आवाजासाठी ऑडॅसिटी, चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप, शिवाय ब्लेंडर असे विषय त्यात आहेत. करदात्याच्या पैशाचा इतका चांगला उपयोग मी क्वचितच पाहिला आहे. केरळने सरकारी शाळांतून लिनक्स केव्हाच रुजवला. आपल्याकडे मात्र आयआयटीच्या कुंपणाला लागून असलेल्या शाळांतसुद्धा संगणकाचा तास म्हणजे विंडोज आणि वर्ड.

माध्यमशिक्षण देणाऱ्या उपनगरांतल्या कॉलेजांना माझं म्हणणं आहे: प्रयोगशाळेतल्या निम्म्या मशीनवर या वर्षीच केडेनलाइव्ह टाका. ज्या मुलाला विकतच्या सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं परवडत नाही त्याला घरीही केडेनलाइव्ह मिळेल आणि सराव कॉलेजच्या वेळेपुरता उरणार नाही. आणि नुसतं वापरू नका, हातभारही लावा. 2022 मध्ये केडीईने केडेनलाइव्हसाठी 15 हजार युरोंचं आवाहन केलं होतं, आणि जगभरच्या वापरणाऱ्यांनी त्याहून जास्त दिले. पैसे नसतील तर वेळ द्या. केडीईच्या मेन्यूंचं भाषांतर स्वयंसेवकच करतात. मराठीच्या कामाला माणसं हवी आहेत, आणि ते काम लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर बोरिवली ते चर्चगेट करता येण्यासारखं आहे.