जीआर सर

कॉलेजच्या मस्टरवर ते यंत्र अभियांत्रिकी विभागाचे सहायक प्राध्यापक आहेत. बाहेर त्यांना त्या नात्यानं कोणी ओळखत नाही. बार्शीपासून परंड्यापर्यंत आणि करमाळ्यापासून भूमपर्यंत ते ‘जीआर सर’. मंत्रालयातून शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघाला की तो संचालकांच्या आधी यांना कळतो, असा प्रवाद आहे आणि तो खोडून काढण्याची तसदी सरांनी कधी घेतलेली नाही. लोक झोपण्याआधी रामरक्षा म्हणतात. सर शासन निर्णयांचं संकेतस्थळ उघडून उच्च व तंत्रशिक्षण, इतर मागास बहुजन कल्याण आणि सामाजिक न्याय या तीन विभागांवरून नजर फिरवतात. झोप येत नसेल तर चौथा आदिवासी विकास.

खासगी विनाअनुदानित कॉलेजात प्राध्यापक शिकवतो, हे अर्धसत्य आहे. उरलेलं अर्धं फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा केंद्राच्या फाटकाशी माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन उभं असतं. याला ‘ॲडमिशन ड्यूटी’ म्हणतात. प्रत्येकाला टार्गेट असतं आणि टार्गेटचा पगाराशी संबंध नाही असं प्राचार्य दर बैठकीत सांगतात, त्यामुळे तो आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. बाकीचे मास्तर ही ड्यूटी शरमेनं करतात. आमचे इंग्रजीचे एक सहकारी तर ओळखीचं कोणी दिसलं की पत्रकं पाठीमागे लपवायचे. जीआर सरांना मात्र या कामात आपला धर्म सापडला आहे.

त्यांची सॅक एकदा उघडून बघावी. माहितीपत्रकं सगळ्यात खाली. वर स्टेपलर, गोंदाची कांडी, अंगठ्यासाठी शाईचा पॅड, पासपोर्ट फोटो कापायची छोटी कात्री आणि लॅमिनेट केलेला एक तक्ता. त्यावर आडव्या रांगेत प्रवर्ग, उभ्या रांगेत दाखले, आणि चौकटीचौकटीत सरांच्या बारीक अक्षरात टिपा: ‘नॉन-क्रिमीलेअर मुदत बघणे’, ‘व्हॅलिडिटी नसेल तर पावती तरी’, ‘वडील नोकरीत असतील तर फॉर्म सोळा’. सर समोरच्याला जात कधी विचारत नाहीत. ते विचारतात, “आपल्याला दाखला कोणता लागतो?” आणि तक्त्यावर बोट ठेवायला सांगतात. इतकी अदब मी भल्याभल्या पुरोगाम्यांत पाहिलेली नाही.

सरांच्या आधीच्या पिढीला असलं काही करावं लागलं नव्हतं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडून दिलं. तेव्हा पालक स्वतःहून यायचे, सोबत आमदाराची चिठ्ठी आणि पिशवी घेऊन. १९८७ च्या कायद्यानं कॅपिटेशन फीला बंदी आली, मग पिशवी ऑफिसातून घरी जाऊ लागली. पुढे प्रवेश परीक्षा म्हणून सीईटी आली, केंद्रीभूत प्रवेशाची कॅप आली, आणि २०१५ च्या कायद्यानं प्रवेशावर एक प्राधिकरण आणि शुल्कावर दुसरं बसलं. तोवर कॉलेजं इतकी झाली होती की पिशवी घेऊन फिरण्याची पाळी कॉलेजावर आली. ती पिशवी म्हणजेच सरांची सॅक.

नोकरीला लागले तेव्हा सरही इमारत विकायचे. तीस एकर परिसर, वायफाय, वर्कशॉप, कंपनीच्या गणवेशात हसणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो. गावातला बाप ते सगळं शांतपणे बघायचा आणि शेवटी एकच विचारायचा, “पैशे किती लागत्याल?” याचं उत्तर इमारतीत नाही, दाखल्यात आहे, हे ज्या दिवशी सरांना उमगलं त्या दिवशी त्यांनी परिसराचे फोटो काढून टाकले आणि तो तक्ता लॅमिनेट करून घेतला. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आठ लाखांची उत्पन्नमर्यादा, निम्मं शिक्षण शुल्क सरकारचं, पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृहाचा भत्ता. सर हे एका दमात म्हणतात आणि बाप पहिल्यांदा मान वर करतो.

पण पाठ केलेलं टिकतं कुठं? २०२४ च्या मे महिन्यात कॉलेजनं हजारोंच्या संख्येनं पत्रकं छापली. त्यांत ‘मुलींना शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत’ असं ठळक होतं. ८ जुलैला जीआर आला: आठ लाखांच्या आतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. संचालक मंडळ नव्या छपाईचा खर्च द्यावा की नाही यावर चर्चा करत बसलं. सरांनी त्या रात्री बार्शीतून गोल स्टिकरं आणली, त्यांवर स्केचपेननं ‘१००’ लिहिलं आणि बायको-मुलीला बसवून पहाटेपर्यंत चिकटवली. शेवटच्या गठ्ठ्यात घाई झाली आणि ‘१०० टक्के निकालाची परंपरा’ याच्यावरही एक शंभर बसला. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी परंड्याजवळच्या एका वस्तीवर मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो होतो. घरात बारावी झालेला मुलगा होता. त्याच्यासाठीच फोन केलेला. बाप म्हणाला, “पोराचं बोला, सर.”

“पोराचं होईल हो. ही पोरगी कितवीला?”

“ती झालीया बारावी गेल्या साली. घरीच हाय.”

“सायन्स?”

“व्हय. पण दोघांचं कुठनं भागवायचं? म्हणून ठिवली घरी.”

सरांनी सीईटीचं विचारलं. पोरगी आतून म्हणाली, “दिलीय.” बापाला ते नवीन होतं. आईला नव्हतं. पुढची वीस मिनिटं सर फक्त मुलीशी बोलले. बाप मधेच म्हणाला, “फुकट म्हंजे फुकट ना? मागनं काय काढू नगा.” यावर दुसरा कोणी “एकदम फुकट” म्हणाला असता. सरांनी कागद घेऊन दोन खाने पाडले. एका बाजूला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, दुसऱ्या बाजूला बस, मेस, वसतिगृह, पुस्तकं. दुसऱ्या खान्याखाली बेरीज मारून ती बापाच्या हातात दिली. खाली लिहिलं: ‘कॅपमधून आली तरच’. मॅनेजमेंट कोट्यातून आली तर सवलत नाही. हे वाक्य संस्थेला न परवडणारं असूनही सर ते न चुकता लिहितात.

मुलगा कोपऱ्यात मोबाईल बघत बसला होता. घराबाहेर पडल्यावर सर म्हणाले, “त्याला डिप्लोमाला घेऊ.”

आता दाखल्यांचं. सेतू केंद्रातला पोरगा सरांना ‘मामा’ म्हणतो. कुठला तलाठी कुठल्या वारी कुठल्या सजाला बसतो, हे तहसीलदारापेक्षा सरांना जास्त माहीत. २०२४ च्या एसईबीसी आरक्षणानंतर मराठा समाजातल्या पोरांचे फोन रात्री अकराला येऊ लागले: “सर, एसईबीसीतनं भरू का कुणबी नोंद सापडंल तवर थांबू?” राजकारणातले लोक या प्रश्नावर तासभर बोलतात. सर विचारतात, “हातात आत्ता कोणता कागद आहे?” आणि जो आहे त्यावर फॉर्म भरून टाकतात.

कागद झाले की शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी. या पोर्टलचा उच्चार सर काहीशा भक्तीनं आणि काहीशा दहशतीनं करतात. अर्ज भरला की तो क्लार्कच्या लॉगिनला, तिथून प्राचार्यांच्या, तिथून विभागाच्या, आणि कुठल्याही पायरीवरून ‘सेंड बॅक’, म्हणजे दुरुस्तीसाठी परत. मुलांना मात्र अर्ज भरला की वाटतं पास झालो. सगळं पार पडलं तरी पैसे जातात ते आधारला जोडलेल्या खात्यात, आणि ते खातं कोणतं हे पोराला माहीत नसतं. एका पोराचे पैसे ‘जमा’ दिसायचे, पण पासबुकात शून्य. सर त्याला घेऊन तीन बँका फिरले. शेवटी कळलं, की सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन एका पेमेंट बँकेत त्याचं खातं उघडलं होतं आणि आधार तिथं चिकटलं होतं. शिष्यवृत्ती दीड वर्ष मोबाईलच्या दुकानात पडून होती म्हणायची. तेव्हापासून सर प्रवेश देण्याआधी मार्क बघत नाहीत, एनपीसीआय मॅपिंग बघतात.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला तेव्हा सरांवर नवंच संकट आलं. पूर्वी सरकार कॉलेजला द्यायचं. आता विद्यार्थ्यानं सात दिवसांत कॉलेजला द्यायचे. नियम करणाऱ्याला वाटलं असावं, पैसे वेळेवर येतील. ते येतात तेव्हा पोरगं पुढच्या वर्गात आणि घर कर्जात असतं. संस्थेनं सरांना वसुलीला धाडलं. ज्या ओसरीवर बसून त्यांनी “काळजी करू नका, सगळं सरकार भरतंय” असं सांगितलं होतं, तिथंच आता मागायला बसायचं. पहिल्याच घरी पोराच्या आईनं चहा दिला आणि न विचारता सांगितलं, की खोलीभाडं, मेस आणि गेल्या साली परीक्षेसाठी काढलेले उसने, यात पैसे गेले. सरांनी चहा घेतला, परीक्षेचा निकाल विचारला आणि उठले. ऑफिसला रिपोर्ट दिला: ‘घर बंद होते.’ माझ्या मते त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी केलेली ही एकमेव खोटी नोंद.

नियमांनी संस्थेची जुनी हत्यारं एकेक करून काढून घेतली. पूर्वी प्रवेश घेतला की पोराचे मूळ दाखले कॉलेजच्या कपाटात जायचे आणि किल्ली अध्यक्षांच्या मेहुण्याकडे. पोरगं जाणार कुठं? आता दाखले बघून परत करावे लागतात, आणि मुदतीत प्रवेश रद्द केला तर हजार रुपये कापून बाकीचे परत द्यावे लागतात. अध्यक्षांनी विचारलं, मग पोरं धरून ठेवायची कशी? सर म्हणाले, “आईचा नंबर घ्या.” तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर आईचा नंबर असतो आणि सर दर पंधरा दिवसांनी “ताई, अभ्यास करतोय ना?” एवढंच विचारतात. याला अजून कुठल्या प्राधिकरणानं हरकत घेतलेली नाही.

२०२५ ला कॅपच्या फेऱ्या चार झाल्या आणि ऑटोफ्रीज कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला, दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला, की तो घ्यावाच लागतो. पूर्वी सर म्हणायचे, “आमचा कोड कुठंही टाका, दहावा चालेल.” आता प्राचार्यांनी फर्मान काढलं, पहिल्या तिनांत टाकून घ्या. सर सायबर कॅफेत बसून पोरांचे ऑप्शन फॉर्म भरून देतात. एका पोराला मार्क बरे होते. त्यानं विचारलं, “सर, तुमचं वर टाकलं आणि पुण्याचं लागण्यासारखं असलं तर?” सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि आपला कोड सातव्या नंबरवर सरकवला. त्या पोराला पुणे लागलं. पुढच्या महिन्यात त्याच्या वस्तीवरून चार पोरं आली. प्राचार्य याला ‘नेटवर्किंग’ म्हणतात.

संस्थेचं बीबीए-बीसीए कॉलेजही शेजारीच. २०२४ ला ते अभ्यासक्रम एआयसीटीईखाली आले आणि बारावीनंतर सरळ मिळणाऱ्या प्रवेशाला सीईटी लागली. पोरांना पत्ताच नव्हता, म्हणून सरकारला ऑगस्टमध्ये पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. राज्यात काही ठिकाणी तर कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून टाकलं. आमच्या अध्यक्षांनाही ही युक्ती फार आवडली होती. सर म्हणाले, “साहेब, पाटी बदलली तर माझा तक्ता बदलावा लागेल.” तो विषय तिथंच राहिला.

गेल्या वर्षी सरांची स्वतःची मुलगी बारावी झाली. बापानं तालुक्यातल्या निम्म्या पोरींचे दाखले काढून दिलेले, तेव्हा हिचं काम चुटकीसरशी व्हायचं. सर तहसीलमध्ये गेले. क्लार्कनं फॉर्म सोळा बघितला आणि म्हणाला, “सर, तुमचं आठ लाखांच्या वर जातंय.” जातंच. कागदावर सातवा वेतन आयोग आहे. खात्यात मात्र गेल्या दिवाळीचा पगार होळीला आला, कारण सरकारकडून शिष्यवृत्तीची प्रतिपूर्ती आलेली नव्हती. म्हणजे ज्या पोरांच्या फीसाठी सरांनी अर्ज भरले, त्यांच्या फीअभावी सरांचा पगार नाही, आणि नसलेल्या पगारामुळे सरांच्या मुलीला माफी नाही. क्लार्कला वाईट वाटलं. तो म्हणाला, “काही करता येतं का बघू.” सर म्हणाले, “काही करू नका. बरोबर आहे तुमचं.” आणि त्यानं शेऱ्यात शासन निर्णयाची तारीख चुकीची लिहिली होती, ती दुरुस्त करून आले. मुलगी पूर्ण फी भरून शिकते आहे. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो, म्हणजे कापला जाईल.

स्टिकरांच्या त्या वर्षीची, २०२४ ची गोष्ट. सप्टेंबरात प्रवेशाची मुदत संपली आणि वर्ग सुरू झाले. प्रथम वर्षाचा इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचा तास सरांकडे असतो. वर्गात शिरले, खडू घेतला, फळ्यावर तारीख टाकली आणि सवयीनं वळून विचारलं, “आधार कुणाचं लिंक नाही?” निम्म्या वर्गाचे हात वर झाले. मग व्हॅलिडिटीची पावती कुणाची यायची आहे, उत्पन्नाच्या दाखल्यावर नाव कुणाचं चुकलंय, असं करत चाळीस मिनिटं गेली. शेवटी त्यांनी फळ्यावर एक तुळई काढली आणि तिच्या दोन्ही टोकांना आधार दाखवले. तेवढ्यात परंड्याची ती मुलगी दुसऱ्या बाकावरून उठून उभी राहिली.

“सर, तुम्ही शिकवता पण?”

“हो,” सर म्हणाले, “पण तू आधी अर्जाचं स्टेटस बघ. काल तुझा सेंड बॅक आलाय.”