रा. रा. वाफसा यांसी, मुक्काम सध्या बेपत्ता

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मेच्या मध्यापासून आपण आमच्या शिवारात फिरकला नाहीत. पत्ता ठाऊक नसल्यामुळे हे पत्र उघड्यावर टाकत आहे. भिजेल. त्याला इलाज नाही, यंदा सगळंच भिजलंय.

आपली ओळख शहरातल्या वाचकांना करून द्यावी लागेल, कारण त्यांचा आणि आपला संबंध येत नाही. पाऊस पडून गेला, जास्तीचं पाणी निथळून गेलं, की मातीत ओल आणि हवा दोन्ही सुखाने नांदतात, तेव्हा आपण आलात असं आम्ही समजतो. मूठभर माती घ्यायची, तिचा लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून टाकायचा. फुटून विखुरला तर आपण हजर. चपटा होऊन पडला तर घरी जाऊन चहा प्यायचा. यंदा आम्ही फार चहा प्यालो.

२०२५ चा मे आपल्या गैरहजेरीत साजरा झाला. साजरा म्हणतो, कारण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन येत होते : ‘काय मस्त गारवा आहे, पंखासुद्धा लावावा लागत नाही!’ देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला हा सर्वांत ओला मे. मुंबईत ११ जूनला येणारा मोसमी पाऊस २६ मेलाच दाखल झाला आणि त्याच दिवशी भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. खुद्द अत्रे असते तर ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ने सुरुवात करून अग्रलेख ठोकला असता. स्थानकातलं पाणी साऱ्या वाहिन्यांनी दाखवलं. आमच्या वेदगंगेकाठच्या रानातलं पाणी मात्र कुणी दाखवलं नाही. बरोबरच आहे. रानात पाणी असणं ही बातमी होत नाही.

तर मे महिन्यात आमच्याकडे काय असतं, हे आपणांस सांगणे न लगे. वळवाचे दोन सडाके पडतात, आपण येता, नांगरट होते, कुळवाच्या पाळ्या पडतात, ढेकळं फुटतात. रोहिणीच्या तोंडाला भुदरगड, आजरा, चंदगडात धुळीतच कुरीने भात पेरतात. ती धूळवाफ. यंदा धूळच नव्हती, तर वाफ कुठून येणार? काढायला आलेला उन्हाळी भुईमूग जमिनीत राहिला आणि शेंगांना तिथेच कोंब फुटले. बियाण्याची उगवणक्षमता उत्तम, असा शेरा कुणी मारला असता तर आम्हीही मान डोलावली असती.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. आपलं नाव कुठल्याही मंत्र्यापेक्षा जास्त वेळा छापून येतं. हवामानाधारित कृषी सल्ला उघडावा : वाफसा येताच पेरणी करावी. वाफसा येताच कोळपणी करावी. वाफसा असताना खताचा हप्ता द्यावा. आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. शेवटची अट आम्ही अशी काही पुरी केली की पावसालाच लाज वाटावी. पण आपण आलाच नाहीत तर काय करावे, हे त्या सल्ल्यात नाही. लग्नपत्रिकेवर सगळं छापून नवरदेवाचा पत्ता नसावा, तशी ही गत.

जूनच्या सुरुवातीला पाऊस थोडा दम खायला बसला, हे कबूल करतो. माळावर आपण दोन दिवसांत पोचता. हलकी जमीन, पाणी झरझर खाली जातं. माळवाल्यांनी सोयाबीन टाकून घेतलं आणि पारावर येऊन आम्हाला धीर दिला. आमचं काळं रान मात्र पाणी धरून बसतं, सोडतच नाही. वरून गुडघाभर गवत. ते काढून, कुळवून रान जरा हाताशी येतंय तोवर पाऊस पुन्हा सुरू. भावकीतल्या एकाने दम न धरता ओल्यातच ट्रॅक्टर घातला. वर रबडी आणि खाली चाकांनी दाबून केलेला फरशीसारखा थर. त्यात पडलेलं बी कुजलं, कारण बियाण्यालाही श्वास लागतो. दुबार पेरणी म्हणजे पाऊस न आल्यामुळे, असं आमच्या आज्याला वाटायचं. तो साध्या काळातला माणूस.

आणि सरकारदरबारी आपल्या गैरहजेरीची किंमत काय, तेही ऐका. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. रोज तीस-चाळीस असा पंधरा दिवस पडला तर ती अतिवृष्टी नव्हे. मदत हवी तर पिकाचं ३३ टक्के नुकसान दिसायला पाहिजे, आणि त्यासाठी आधी पीक पाहिजे. ज्याला पेरताच आलं नाही, त्याचं नुकसान शून्य टक्के. या हिशेबाने आम्ही तालुक्यातले सर्वांत सुरक्षित शेतकरी आहोत.

पीकविम्यात पूर्वी ‘पेरणीच न होणे’ अशी एक बाब होती. विमा क्षेत्रातली पाऊण जमीन बिनपेरणीची राहिली तर विमा रकमेचा पाव हिस्सा मिळायची सोय. ती बाब नेमकी याच खरिपापासून राज्याने योजनेतून काढून टाकली. यंदा भरपाई पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे काय कापलं, किती भरलं, ते वजनकाट्यावर बघायचं. आम्ही गवत कापून वजन करून ठेवलं आहे. विचारणा झाल्यास सादर करू.

ई-पीक पाहणीचं ॲप तर त्याहून प्रामाणिक. पीक नसेल तर ते त्या तुकड्यापुढे ‘चालू पड’ नोंदवायला सांगतं. जन्मभर एक गुंठा मोकळा न सोडलेल्या माणसाच्या सातबाऱ्यावर ‘पड’ चढते आणि त्याची बायको विचारते, ‘आपण काय झोपलो होतो व्हय?’

कंटाळून पुष्कळांनी ऊस लावला. उसाला आपली फारशी गरज पडत नाही, शेंडा बुडाला नाही तर तो पाण्यात आठवडाभर उभा राहतो. पण तिकडेही आपण लक्ष ठेवून असता. शिरोळ तालुक्यात ऊस आणि पाणी यांचा इतका गळ्यात गळा पडला, की हजारो एकर रान खारवून आपण कायमचं सोडलंत. तिथल्या लोकांनी आपल्याला परत आणायला जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरले, चर काढून पाण्याला ओढ्याची वाट दाखवली, आणि काही ठिकाणी आपण खरोखर परतलात. म्हणजे आपण पाइपलाही बधता. आमच्याकडे ओढाच भावकीने बुजवून त्यावर बांध घातलाय, त्यामुळे पाइप काढायचा कुठे, यावर दिवाणी न्यायालयात तारीख पडली आहे.

परवा बेंदूर झाला. बैलांची शिंगं रंगवली, खांदमळणी केली. ज्या खांद्यांवर यंदा जू फार दिवस आलंच नाही, त्यांना हळद-लोणी चोळताना बैलसुद्धा आमच्याकडे संशयाने बघत होते.

तरी कृपा करून यावे. येताना साऱ्या गावात एकाच दिवशी येऊ नये. ट्रॅक्टर चार आहेत आणि त्या दिवशी ते आपल्यापेक्षा दुर्मीळ होतात.

कळावे, लोभ असावा,
आपला,
एक चालू पड खातेदार

ता. क. : चावडीत अर्ज घेऊन गेलो होतो. ‘वाफसा नव्हता, याला पुरावा काय?’ अशी विचारणा झाली. तरी आपल्या सहीचा एक दाखला उलट टपाली पाठवावा : ‘सदर गट नंबरमध्ये मी १५ मेपासून हजर नव्हतो.’ दोन साक्षीदार लागतील. पाऊस आणि चिखल चालत असतील तर ते इथेच आहेत.