काजूबीचे गोत्र

रत्नागिरीच्या बाजारपेठेत पर्यटक ज्या श्रद्धेने ‘कोकणचा काजू’ खरेदी करतो, त्या श्रद्धेस बाध आणण्याची प्रस्तुत सदराची मुळीच इच्छा नाही. तथापि स्थानिक बागांची बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही आणि म्हणून टांझानिया, बेनिन, आयव्हरी कोस्ट अशा मुलुखांतून कच्ची बी मागवावी लागते, ही गोष्ट कारखानदार खासगीत आणि सरकारी दप्तर उघडपणे मान्य करते. टरफल फुटताच बीचे गोत्र पुसले जाते. ते शाबूत राहते केवळ करखात्याच्या कागदांत. (काजूचे झाडही मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी आणलेले, पण त्या खेपेचे ‘बिल ऑफ एंट्री’, म्हणजे कस्टमकडचे आयातीचे नोंदपत्र, कोणापाशी नसल्यामुळे ते निर्वेधपणे कोकणी ठरले.)

परदेशी मालाच्या खरेदीवर घटक राज्यास विक्रीकर बसविता येतो काय, हा घटनेच्या 286 व्या अनुच्छेदाचा प्रश्न 1953 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो त्रावणकोर-कोचीनच्या काजू कारखान्यांमुळेच, आणि त्यातही आफ्रिकी बी होतीच. पुढे 1956 च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने असे ठरविले की, माल सीमाशुल्काची सरहद्द ओलांडण्यापूर्वी मालकीचे दस्तऐवज हस्तांतरित झाले, तर ती विक्री आयातीच्याच ओघात झाली असे समजावे. तेव्हापासून ज्याने जन्मात होडीत पाय ठेवला नाही असा व्यापारीही पेढीवर बसून भर समुद्रात माल विकू लागला. या ‘हाय सी सेल’मध्ये ओली होते ती फक्त शिक्क्याची गादी. वस्तू व सेवा कराच्या राज्यातही ही वहिवाट अबाधित आहे.

बंदरावर मात्र सुटका नाही. आयव्हरी कोस्टच्या 100 रुपयांच्या बीवर, 2018 च्या अर्थसंकल्पाने 5 टक्क्यांवरून उतरविलेले अडीच टक्के सीमाशुल्क धरले, तर अडीच रुपये. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार म्हणून 25 पैसे. आणि या 102 रुपये 75 पैशांच्या सबंध बेरजेवर 5 टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे शुल्कावरही कर आणि समाजाच्या कल्याणावरही कर! एकात्मिक कराची वजावट काजूगराच्या विक्रीवरील करातून मिळते. सीमाशुल्काची मिळत नाही, सबब ते निमूटपणे गराच्या भावात जाऊन बसते.

यापेक्षा गावचा बागायतदार बरा म्हणावा, तर तो शेतकरी पडला. त्याने कर भरावयाचा नाही, तो उलट आकारणीने खरेदीदाराने रोख भरावयाचा आणि भरल्यावर आपणच वजावट म्हणून मागून घ्यावयाचा. अशा रीतीने शेजारच्या वाडीतून टेम्पोने आलेली बीही कागदोपत्री बराच प्रवास करून येते.

आणि आयात बीच्या ‘बिल ऑफ एंट्री’त कारखान्याच्या करनोंदणी क्रमांकाचा एखादा अंक चुकला, तर बी उकडून, फोडून, सोलून, विकून खलास होते, ग्राहकाच्या पोटात पचतेही, परंतु तिची वजावट काही संगणकाच्या पडद्यावर अवतरत नाही, मग ती बी खरोखरच आली होती, असे शाबीत करण्यासाठी हिशेबनीस दुरुस्तीचा अर्ज घेऊन कस्टमच्या कचेरीची पायरी चढतो.